थुंकीचं तारण

"ही कांडी जाणार कुठे?" हास्बाने विचारलं.

ती मेंढवाड्याच्या फाटकाला हात लावून उभी होती. आत बोलवायचा तिचा विचार दिसत नव्हता. आमच्या दवाखान्यातली डेल्फिन चार हात लांब, अंगात प्लास्टिकचा डगला, हातात घशातला स्वॅब घ्यायची कांडी आणि नळी. मी गाडीला टेकून दोघींची गंमत बघत होतो.

"शहरात, लॅबमध्ये," डेल्फिन म्हणाली.

"तिथे कोण असतं?"

"माणसं असतात, मावशी. मशीन असतं."

"कुणाची माणसं?"

मी आमच्या दवाखान्याचा ड्रायव्हर. दवाखाना अमेरिकेतल्या आम्हा नावाहो आदिवासींचाच, पण डॉक्टर बाहेरचे, औषधं बाहेरची, आणि हा नवा आजारही बाहेरूनच आलेला. त्यामुळे त्या दिवसांत कुणाचा कशावर विश्वास उरला नव्हता. सरकारी खोकी आली की मीसुद्धा उघडायच्या आधी चारी बाजूंनी निरखून बघायचो. डेल्फिन घरोघर जाऊन लोकांना समजावायची आणि लोक तिच्या डगल्याकडे बघून दार लावून घ्यायचे.

शिवाय हा थुंकीचा मामला. आमच्यात माणूस आपल्या अंगाचं काही इकडेतिकडे टाकत नाही. वाईट चिंतणाऱ्याच्या हाती ते पडलं तर माणूस झिजत जातो. शिकलेली पोरं यावर हसतात, पण आपली कापलेली नखं आणि गळलेले केस तीही गुपचूप पुरून टाकतात. हास्बाच्या बहिणीचं रक्त पूर्वी कुणी पाहुणे साखरेच्या आजारासाठी म्हणून घेऊन गेले होते. त्याचं पुढे काय केलं ते सांगायला कोणी फिरकलं नाही, आणि बहीणही फार जगली नाही. ती साखरेनेच गेली, पण हास्बाने या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

तरी त्या दिवशी तिला तडकाफडकी नाही म्हणता येत नव्हतं. तिचा नवरा होस्की आमच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. म्हाताऱ्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता आणि डॉक्टरांना दुसरं काही येत नव्हतं. त्याने खाणं सोडलं होतं, मास्क काढून फेकत होता, हास्बाला बोलवा म्हणत होता. बाकी कुठल्याच इस्पितळात नातेवाइकांना उंबरा ओलांडू देत नव्हते. पण आमचे म्हातारे खाटांवरून उठून पळायला लागले, तेव्हा मोठ्या नर्सने, मर्नाने, भांडून नियम करून घेतला होता: घरातल्या एकाला आत बसता येईल, मात्र त्याचा स्वॅब स्वच्छ आला पाहिजे. म्हणजे स्वॅब नाही तर होस्की नाही.

"देते," हास्बा शेवटी म्हणाली. "पण परत पाहिजे."

"आणते," डेल्फिन म्हणाली.

परत येताना मी डेल्फिनला सोडलं नाही. मी तिच्या बापाच्या कुळातला, तिची थट्टा करायचा माझा हक्कच. म्हटलं, "शहरातून थुंकी परत आणणारी तूच पहिली. पोचपावती पण घे."

ती हसली नाही. "तसं म्हटलं नसतं तर तिने दिली नसती रे. मग काय करायचं होतं?"

रिपोर्ट आला. हास्बाला आजार नव्हता. डेल्फिनने लॅबला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, तपासून झालं की आम्ही सगळं जाळतो. एक नळी ठेवता आली नसती का, असं तिने विचारल्यावर त्याला ती चेष्टा वाटली आणि त्याने फोन ठेवला.

मर्नाने कपाटातून एक कोरी नळी काढून तिच्यापुढे टेबलावर ठेवली. "ही दे नेऊन. तिला काय कळणार? म्हातारा दमलाय. आज ती आली नाही तर..." पुढचं ती बोलली नाही. वाईट गोष्ट तोंडाने बोलून दाखवली की ती घराची वाट शोधत येते, हे आमच्याकडे डॉक्टर सोडून सगळ्यांना माहीत असतं.

डेल्फिनने नळी खिशात टाकली. खरं सांगायचं तर तिने खोटं बोलावं असंच मला वाटत होतं. हास्बाचा मला राग आला होता. नवरा तिकडे श्वासासाठी तडफडतोय आणि हिला आपल्या थुंकीची पडलीय.

हास्बा फाटकापाशी तयार होऊन उभी होती. मखमलीचं झंपर, गळ्यात फिरोजाची माळ, हातात निळ्या मक्याच्या पेजेचा डबा. तिने मोकळा हात पुढे केला. डेल्फिनने त्यात नळी ठेवली. हास्बाने ती उन्हात धरून निरखली.

"पोरी, आपण एका कुळातल्या. ही माझी?"

मी मनात म्हणत होतो, हो म्हण, हो म्हण आणि मोकळी हो.

"नाही," ती म्हणाली. "तुझी त्यांनी जाळली. जाळली असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही."

संपलं, असं वाटून मी गाडीची किल्ली हातात घेतली. हास्बाने डबा खाली ठेवला, नळी उघडली, कोरी कांडी बाहेर काढली आणि डेल्फिनपुढे धरली.

"मग तुझी घाल."

डेल्फिन कॉलेजात शिकलेली. असल्या भीतीला भीक घालू नका, असं घरोघर सांगणारी. तिने मास्क खाली ओढला, कांडी घशात फिरवली आणि नळीत घातली, पण तिची बोटं कांडीवरून लगेच सुटली नाहीत. हास्बाने झाकण घट्ट लावलं, नळी रुमालात बांधली आणि झंपरात खोचली.

"माझी त्यांच्याकडे, तुझी माझ्याकडे," ती म्हणाली. "आता माझ्यावर काही आलं तर तुला झोप लागायची नाही."

मग ती डबा उचलून गाडीत बसली.

तेव्हा दवाखान्यात सगळे सगळी कामं करत. मला लाल पिशवी देऊन खोलीच्या दाराशी उभं केलं होतं. आत गेलेल्याने बाहेर येताना डगला, टोपी, हातमोजे त्या पिशवीत टाकायचे, आतलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. काचेतून मला आतलं दिसत होतं. होस्कीने चार घास पेज खाल्ली. हास्बाने त्याच्या पांढऱ्या केसांचा अंबाडा सोडला, हातमोज्यातल्या बोटांनीच केस विंचरले आणि पुन्हा बांधले. ती सारखी बोलत होती. बहुतेक मेंढ्यांबद्दल असेल. म्हातारा मान हलवत होता.

त्याचा डोळा लागल्यावर ती उठली आणि उशीवरचे केस वेचायला लागली. एकेक करून. मग चादरीवरचे, मग घोंगडीवरचे. मग दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसून तिने खाटेखालची फरशी हाताने चाचपली. माझ्या शेजारी मर्ना उभी होती. ती तोंड फिरवून निघून गेली. होस्की घरी येणार नाही हे हास्बाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही राहिली नव्हती. तिच्यावर आपण चिडलो होतो याची मला लाज वाटली.

ती बाहेर आली. डगला काढून पिशवीत टाकला, टोपी टाकली, डाव्या हाताचा मोजा टाकला. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती. तो मोजा तिने मुठीवरून उलटा सोलून काढला, केस आतच राहिले, आणि त्याच्या तोंडाला गाठ मारली. नियम सांगायचं माझं काम होतं.

"इथे त्याचं काही राहायला नको," ती पिशवीकडे बघत म्हणाली.

मी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी मिटून धरलं, आणि ती गाठ मारलेला मोजा घेऊन पुढे जाईपर्यंत भिंतीकडे बघत राहिलो.