दान नावाचा साप

आधी दार लोटून घ्या. तुम्हाला कोणी पाठवलं, ते नंतर विचारीन. मी रंगीत काचेतला साप बोलतोय.

जन्म माझा विलायतेतला. बायबलातल्या इस्रायलच्या बारा मुलांची बारा कुळं, त्यांच्या बारा खुणा, अशी एक मोठी खिडकी तिथल्या कारागिरांनी घडवली. यहूदाचा सिंह, इस्साखाराचं गाढव, नफतालीची हरिणी, बन्यामीनाचा लांडगा. दानाच्या कुळाची खूण मी. वाटेवरचा हिरवा साप घोड्याच्या टाचेला डसतो आणि स्वार मागे कोसळतो, असं माझं चित्र. मरताना बाप दानाला असंच काहीसं म्हणाला होता. ते कौतुक की शिव्या, यावर पंडितांचं अजून जमत नाही. त्यांच्या पोथीच्या शेवटी कुळांची यादी आहे, तीत तर दानाचं नावच गाळलंय. तेव्हापासून यादी करणाऱ्या माणसावर माझा भरवसा नाही.

१९०६ साली गोंदियाच्या रेल्वेवस्तीतल्या लहानशा चर्चमध्ये आम्हाला बसवलं. गवंडी होता उदाराम, चोरखमारा गावाकडचा, तलाव बांधणाऱ्या घरातला तरणा गडी. म्हातारा पाद्री एकेका काचेवर बोट ठेवून त्याला नाव सांगत होता. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "हा दान." उदारामने चुन्याचे हात धुतले आणि मला नमस्कार केला. इतरांना केला नव्हता. मला तेव्हाच काहीतरी खटकलं.

चोवीस वर्षं बरी गेली. मग जंगल सत्याग्रहाचं वर्ष उजाडलं आणि माझ्या स्वाराचं शिरस्त्राण कोणालातरी साहेबाच्या टोपीसारखं दिसलं. झालं! साहेबाच्या घोड्याले नाग चावून राहिला, असं बाजारभर हसू पसरलं. नवा पाद्री माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला, बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला. मीही त्याच्याकडे तसाच बघत होतो. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, साप काढा आणि फोडा. काम उदारामकडे आलं, देखरेख कारकून मुन्नालालकडे.

उदारामने शिशाच्या पट्ट्या हळूच वाकवून मला सोडवलं. मुन्नालाल पान थुंकायला बाहेर गेला, तेवढ्यात याने मला तणसाच्या पेंढीत सरकवलं आणि फडक्यात एक हिरवी बाटली फोडली. परत आलेल्या मुन्नालालने तुकडे पाहिले, यादीत खूण केली. चोर निघाला की हा! कुठल्या कबाड्याला विकणार, एवढंच कळायचं बाकी होतं.

घरी त्याची बायको जमुनाबाई भडकली. साहेबाचे शिपाई आले तर हातात बेड्या पडतील, म्हणाली. "फोडाले सांगतलं होतं ना? मंग घरी कायले आणला?"

"पाद्रीबाबानं सांगतलं होतं, हे दान हाये," उदाराम म्हणाला. "दान मोडत नाही अन् विकत बी नाही. साहेब शांत झाले का जिथलं तिथं नेऊन देतो."

नावाचा असा अर्थ त्याने लावला होता. मी मनात हसलो, पण विश्वास ठेवला नाही. त्याने मला तलावाकडच्या झरोक्यात बसवलं. कोणी पाहुणा माझ्याकडे बघत थांबला, की मला वाटे, हेच गिऱ्हाईक. सतरा वर्षं मी असेच दिवस काढले.

१९४७ साली साहेब गेले. उदाराम साठी ओलांडलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याने मला धोतरात गुंडाळलं, बैलगाडीत मांडीवर धरलं. आज सौदा, मी ठरवूनच टाकलं. गाडी थांबली ती चर्चपाशी. खिडकीवर पत्रा ठोकलेला होता. म्हातारा मुन्नालाल म्हणाला, साहेबांनी जाताना काचा पेटीत भरून नेल्या, कुठं ते यादीत नाही.

उदारामने पत्र्यावरून हात फिरवला. "अकराही गेले," म्हणाला, "अन् मी उशीर केला." मग तो तिथेच पायरीवर बसून रडला.

आता मी पुन्हा झरोक्यात आहे. सकाळी माझा हिरवा उजेड त्याच्या तोंडावर पडतो. त्याला आता दिसत नाही, पण ऊब कळते, तो तिकडे मान वळवतो. त्याला मी चोर समजत होतो, हे मला त्याला सांगायचंय. काचेला ते जमत नाही. तुम्ही सांगाल? तो अंगणातच बसलाय. आणि सिंह, हरिणी, गाढव कुठे दिसले, तर त्यांनाही सांगा की दान शाबूत आहे.

दार लोटायची गरज नाही. उघडंच राहू द्या.