फेब्रुवारीतली इंजेक्शनं

हंसाबेन बाकावर येऊन बसल्या तेव्हाच त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा सेलेस्टिनला दिसला. १९९६ सालचा मे महिना होता आणि त्या आठवड्यातली ही सहावी कावीळ होती.

डॉ. कौस्तुभ वर्तकांचा दवाखाना मीरा रोड स्टेशनपासून दहा मिनिटांवर होता. सेलेस्टिन डिमेलो तिथे नऊ वर्षं नर्स होती. तारोडी या आपल्या किनाऱ्यावरच्या गावाहून सकाळची पहिली बस पकडून ती भाईंदरला यायची, तिथून रिक्षा करायची आणि आठ वाजता दवाखान्याचं शटर वर करायची. औषध डॉक्टरांचं, पण इंजेक्शन सिस्टरच्याच हातचं, असं पेशंट ठरवून यायचे. घाबरट माणसंसुद्धा तिच्यासमोर मुकाट्याने बाही वर करत.

डॉक्टरांनी हंसाबेनचं पोट दाबून पाहिलं. "लिव्हर सुजलंय. पाणी उकळून प्या, तेलकट एकदम बंद. सगळीकडे हेच चाललंय सध्या. टँकरचं पाणी."

सगळे तेच म्हणत होते. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी यायचं, बाकी सगळं टँकरवर. महिपत नावाचा टँकरवाला काशीमीऱ्याजवळच्या एका विहिरीवरून पाणी भरून आणायचा. त्या विहिरीत गटाराचं पाणी शिरलंय असं कुणीतरी म्हणालं आणि दोन दिवसांत ते सगळ्या बिल्डिंगांमध्ये पसरलं. ठाण्याहून साथीचा तपास करणारं एक पथकही आलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एका शाळेत त्यांनी बस्तान मांडलं होतं आणि दिवसभर ते पाण्याचे नमुने गोळा करत हिंडत होते.

चार दिवसांनी हंसाबेनच्या उलट्या थांबेनात, म्हणून डॉक्टरांनी सेलेस्टिनला सलाईन घेऊन त्यांच्या घरी पाठवलं. बेव्हर्ली पार्कमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत पाच माणसं राहत होती. हंसाबेन, त्यांचे यजमान ईश्वरभाई, सासूबाई आणि दोन मुलं. हंसाबेन घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या. मशीनवर एक जांभळी साडी अर्धवट तशीच पडली होती.

सलाईन चालू झाल्यावर सासूबाईंनी सेलेस्टिनला माठातलं पाणी आणून दिलं. ग्लास हातात घेऊन ती थबकली.

"हे टँकरचंच ना?"

"दुसरं कुठून आणणार, बेन? आम्ही सगळे हेच पितो."

सासूबाई सत्तरीच्या होत्या, ठणठणीत. मुलं गॅलरीत पत्ते खेळत होती. सेलेस्टिन त्यांच्याकडे बघत राहिली. आधीच्या आठवड्यात ती आणखी दोन घरी गेली होती, तिथेही असंच होतं. घरातल्या एकालाच कावीळ, बाकीचे बरे.

हंसाबेन डोळे मिटूनच म्हणाल्या, "सुई टोचली ते कळलंच नाही. तमारो हाथ बहु हळवो छे, सिस्टर. फेब्रुवारीत ताप आला तेव्हा पण तीन दिवस तुम्हीच दिलं होतं ना?"

चिकटपट्टी दाबता दाबता सेलेस्टिनचा अंगठा तिथेच थांबला.

फेब्रुवारीत तापाची मोठी साथ आली होती. रोज शंभराच्या वर पेशंट, त्यातल्या तीस-चाळीस जणांना इंजेक्शन. दवाखान्यात काचेच्या आठ सिरिंज होत्या. प्रत्येक वापरानंतर त्या वीस मिनिटं उकळायच्या, हा नियम. पण रांग रस्त्यापर्यंत गेली तेव्हा डॉक्टर आतून म्हणाले होते, "सुई बदल, सिरिंज चालेल. आत सुईच जाते ना?" तिला ते खटकलं होतं. नर्सिंगला असताना असं करणाऱ्या मुलींना वॉर्डबाहेर काढलेलं तिने पाहिलं होतं. पण बाहेर माणसं तापाने फणफणत उभी होती आणि डॉक्टरांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. तीन आठवडे ती नुसत्या सुया बदलत राहिली.

दुपारी दवाखाना बंद असताना तिने कपाटातले केस पेपर खाली काढले. काविळीचे एकूण चौदा पेशंट झाले होते. एकेकाचा कागद उघडून ती फेब्रुवारीची नोंद शोधू लागली. पहिला सापडला, दुसरा सापडला. पाचव्यानंतर तिने ते वेगळे काढून ठेवायला सुरुवात केली. चौदांपैकी तेराजणांना त्या तीन आठवड्यांत इंजेक्शन दिलेलं होतं. चौदावा एक शाळकरी मुलगा होता, त्याला कधीच दिलेलं नव्हतं.

पाच वाजता डॉक्टर आले. तिने कागद टेबलावर मांडले आणि जे दिसलं ते सांगितलं.

"कावीळ पाण्यातून येते, सेलेस्टिन."

"मग घरात एकालाच कशी?"

"आणि हा मुलगा? याला कुठे दिलंय इंजेक्शन?"

"याची पाण्याची असेल. बाकीच्यांचं रक्त तपासू या ना, डॉक्टर. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, ऑस्ट्रेलिया अँटिजेनची टेस्ट करू या. नसेल तर सुटलो."

"आणि असेल तर?" डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "इंजेक्शनं कुणी दिली, असं विचारतील. तेव्हा नाव तुझं येईल. याचा विचार केलायस?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. नऊ वर्षांत ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. तिच्या मुलीच्या बाळंतपणातल्या दुखण्यात हे डॉक्टर स्वतःच्या गाडीने तारोडीला आले होते. तिने कागद उचलले, कपाटात ठेवले आणि बसला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बाहेर आरडाओरडा झाला. दोघा रिक्षावाल्यांनी एका माणसाला धरून आत आणलं. कपाळापासून मानेपर्यंत रक्त होतं. तो महिपत होता. एका सोसायटीच्या गेटवर लोकांनी त्याला टँकरमधून खाली ओढलं होतं आणि मारलं होतं.

डॉक्टरांनी टाके घालायला घेतले. महिपत रडत नव्हता, पण त्याचा आवाज फाटला होता. "डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकतील ते. तुम्ही तरी सांगा त्यांना. माझी पोरं पण तेच पाणी पितात हो. त्यांना काय झालंय? पोलिसात देणार म्हणतात मला."

"बोलू नका. हलू नका."

जागा बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं होतं. सेलेस्टिनने उकळलेल्या सिरिंजचा ट्रे पुढे केला. डॉक्टरांनी तो हाताने बाजूला सारला, ड्रॉवर उघडला आणि डिस्पोजेबल सिरिंजचं नवं कोरं पाकीट फोडलं. त्या ड्रॉवरमध्ये तशी बरीच पाकिटं होती. काल संध्याकाळपर्यंत तिथे एकही नव्हतं.

दोघांची नजरानजर झाली. डॉक्टरांनी मान खाली घातली.

शेवटचा टाका पडल्यावर सेलेस्टिनने हात धुतले, एप्रन काढून खुंटीला लावला आणि शाळेकडे चालू लागली.

वर्गात बाकांवर पाण्याच्या बाटल्यांच्या रांगा होत्या. पथकाच्या प्रमुख डॉ. नीलिमा खरे कुठल्या तरी तक्त्यावर वाकल्या होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, कपाळाला आठी. सेलेस्टिनने उभ्यानेच सगळं सांगितलं. मध्ये त्यांनी एकदाही तिला अडवलं नाही.

"इंजेक्शनं कोण देत होतं?"

"मी."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. तेराच्या तेराजणांना मीच दिलीत."

डॉ. नीलिमांनी पेन खाली ठेवलं. "बसा आधी. बाई, चौदा दिवस झाले आम्ही विहिरी उपसतोय, आणि पाण्यात काही सापडत नाहीये. एखाद्याच्या रक्तात हा आजार वर्षानुवर्षं असतो आणि त्याला पत्ताही नसतो. टोचल्यावर दट्ट्या जरा मागे ओढता ना? तेव्हा रक्ताचा एवढासा थेंब सिरिंजमध्ये येतो. पुढच्याला तेवढा पुरतो. लेखी द्याल?"

"नोकरी जाईल माझी."

"जाईल. कदाचित नर्सिंगच्या यादीतून नावसुद्धा जाईल. मी खोटं सांगणार नाही."

सेलेस्टिनने कागद मागितला. लिहिताना दोनदा तिचं स्वतःचं नाव चुकलं.

रक्ताचे रिपोर्ट आले. तेरांपैकी बारा पॉझिटिव्ह. आता त्या तीन आठवड्यांत सुई टोचलेला प्रत्येक माणूस शोधायला हवा होता आणि त्यांची नावं दवाखान्यातल्या कपाटात होती. पथकाची जीप तिथे पोचली तेव्हा शटर खाली होतं. दुपारचे साडेतीन वाजले होते. आतून काहीतरी जळल्यासारखा वास येतोय असं सेलेस्टिनला वाटलं आणि केस पेपर जळतायत की काय म्हणून ती जीपमधून उतरली. ड्रायव्हरने शटरवर थापा मारल्या. दोन वेळा, तीन वेळा. डॉ. नीलिमा म्हणाल्या, "पोलिसांना बोलवा."

तेवढ्यात शटर कमरेपर्यंत वर गेलं. डॉ. वर्तक घामाने निथळत होते. वीज गेली होती आणि आत मेणबत्त्या लावलेल्या होत्या. जमिनीवर केस पेपरच्या थप्प्या होत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येक थप्पीवर चिठ्ठी.

"दोनशे सात आहेत," ते म्हणाले. "पत्ते अर्ध्यांचेच आहेत. उरलेल्यांपैकी काही सेलेस्टिनला तोंडपाठ असतील."

थप्प्या जीपमध्ये चढत असताना ते तिच्याजवळ आले. "माझ्यासाठी एक दिवस तरी थांबायचं होतंस. मीच जाणार होतो."

ते खरं होतं की नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

त्याच आठवड्यात मुंबईच्या एका हॉस्पिटलात हंसाबेन गेल्या.

डॉ. नीलिमांच्या पथकात माणसं कमी होती. पत्ते माहीत असलेली, लोकांच्या घरात शिरू शकणारी माणसं तर नव्हतीच. त्यांनी सेलेस्टिनला रोजंदारीवर घेतलं. महिपतवरचा संशय गेल्याची नोटीस सोसायट्यांमध्ये लागली, पण ज्यांनी मारलं होतं त्यांच्यापैकी कुणी त्याच्याकडे गेलं नाही. काही दारं सेलेस्टिनच्या तोंडावर आपटली. एका बाईने तिच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं.

घरी रॉकला, तिच्या नवऱ्याला, हे बघवेना. तो जाळं विणता विणता म्हणाला, "लोक तुला शिव्या देतान आन् तू परत त्यांच्याच दारात जाते? मासळी हाय, वाडी हाय. उपाशी मरणार न्हाय आपण."

"अजून एकशे चाळीस जण राहिलेत, रॉक. त्यांना ठाऊकच न्हाय."

"दुसरं कुणी सांगंल."

"दुसऱ्या कुणाला ते घर सापडायचं न्हाय."

यादीत बेव्हर्ली पार्कचा तिसरा मजला होताच. हंसाबेनच्या घरातल्या चौघांचं रक्त तपासणं भाग होतं. तिच्याबरोबर पथकातली दुसरी नर्स होती, नीलम. सेलेस्टिन तिला एकटीला पाठवू शकली असती. जिना चढताना ते दोनदा तिच्या मनात आलंही.

ईश्वरभाईंनी दार उघडलं. डोक्याचे केस काढलेले होते. त्यांनी दोघींना आत या म्हटलं नाही.

"ईश्वरभाई, हंसाबेनना ते इंजेक्शन मी दिलं होतं. सिरिंज उकळलेली नव्हती. मला माहीत होतं ती उकळलेली नाही."

"वर्तमानपत्रात वाचलं मी." त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. "आता काय पाहिजे?"

"तुमचं आणि मुलांचं रक्त. नवऱ्याला, मुलांना लागण होऊ शकते. लवकर कळलं तर पुढचं टाळता येतं."

"मुलांना पण?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मुलांना पण झालंय?"

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

आतून सासूबाईंनी गुजरातीत काहीतरी विचारलं. ईश्वरभाई नीलमकडे वळले. "तुम्ही या." आणि सेलेस्टिनला म्हणाले, "तुम्ही नाही. माझ्या घरातल्या कुणाला तुम्ही हात लावायचा नाही."

ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. आतून धाकट्या मुलाचं रडणं ऐकू आलं, मग नीलमचं समजावणं. नीलमला शीर पटकन सापडत नाही हे तिला ठाऊक होतं. उठून आत जावं म्हणून तिचे हात शिवशिवत होते. ती हात मांडीखाली दाबून बसली.

रिपोर्ट आठवड्याने आले. चौघंही निगेटिव्ह. ते सांगायला ती एकटी गेली. ईश्वरभाईंनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे काही नाही?"

"आत्ता नाही. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासायचं. तोपर्यंत मुलांना लस. तीन डोस आहेत, पहिला या सोमवारी शाळेत."

"आणीन." मग ते म्हणाले, "द्यायला ती दुसरी सिस्टर असू दे."

"सांगून ठेवते."

दार बंद झालं.

दोनशे सातपैकी एकशे नव्वद माणसं सापडली. चौतीस जणांना लागण झाली होती, त्यातले दोघं, हंसाबेन धरून, दगावले. डॉ. वर्तकांवर चौकशी बसली. त्यांनी काही नाकारलं नाही आणि दवाखाना पुन्हा उघडला नाही. सेलेस्टिनला नर्सिंग कौन्सिलकडून ताकीद मिळाली, नाव मात्र राहिलं. बोरिवलीच्या एका नर्सिंग होमने तिला बोलावलं, पगार चांगला होता. ती एक दिवस तिथे जाऊनही आली. स्वच्छ वॉर्ड होता, इस्त्रीचा गणवेश, पेशंट हात पुढे करून वाट बघणारे. तिला ते काम अजूनही आवडत होतं, त्यामुळेच नाही म्हणताना जड गेलं.

डिसेंबरात डॉ. नीलिमांच्या शिफारशीने तिला साथरोग पथकात आरोग्यसेविकेची जागा मिळाली. त्या कामात ती सुई धरत नव्हती. रुग्णांची नावं घेऊन ती दारोदार जायची आणि हा आजार कुठून आला असेल ते विचारत बसायची. पुष्कळदा लोक उत्तर देत नसत.

नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी काशीमीऱ्याच्या गॅरेजांच्या मागच्या वस्तीत जुलाबाचे नऊ पेशंट एकाच दिवशी झाल्याचा निरोप आला. सेलेस्टिनने वही पिशवीत टाकली आणि रिक्षाला हात केला. वस्तीच्या तोंडाशी एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती.

"डॉक्टर आली का?" बाईने विचारलं.

"डॉक्टर मागून येतायत," सेलेस्टिन म्हणाली. "तोपर्यंत मला सांगा, पहिल्यांदा कुणाला झालं?"