मला चाकं लागली

मी टेबल बोलतोय. जेवणाचं नव्हे, शिवणाच्या कारखान्यातलं, कापड बेतायचं. दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढा माझा पसारा. पण मास्तरांच्या धाकाने तशी कुणाची छाती झाली नाही.

मास्तर म्हणजे कारखान्याचे मालक. कापड बेतायला मात्र स्वतःच उभे राहायचे. नवा होतो तेव्हा कातर चालली की मी डुगडुगायचो. त्यांनी वैतागून मला हॉलच्या मधोमध, जमिनीत बोल्ट ठोकून बसवलं. "आता हल बघू!" म्हणाले आणि लाडाने एक थाप मारली. मी कशाला हलतोय!

तेव्हा एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे निघायचे. शिवणाऱ्या बायका दिवसभर मला वळसा घालून ये-जा करायच्या. कोपर आपटलं की शिव्या मला. मी मनावर घेत नसे.

पुढे मास्तरांची लेक कारभार बघू लागली. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक इस्पितळ. त्यांना आता कपडे थोडे थोडे लागत, आज हिरवे, उद्या निळे, आणि तेही तातडीने. आमच्याकडे अख्खा गठ्ठा कापून झाल्याशिवाय शिलाईला हात लागत नसे. पुन्हा पुन्हा उशीर झाला. "आणखी एकदा झाला तर दुसरीकडे जाऊ," असं इस्पितळाने सांगून टाकलं. ते गेलं असतं तर कारखान्याला टाळंच लागलं असतं. लेकीचा जीव टांगणीला लागला.

तिने एक सल्लागार बाई आणल्या. मला वाटलं, आता भाषण ऐकावं लागणार. बाईंनी काय करावं? एक सदरा हेरला आणि कापण्यापासून घडी होईपर्यंत तो जाईल तिथे त्याच्यामागे फिरत राहिल्या. शेवटी दमून माझ्यावरच टेकल्या.

"याला चाकं लावा. थोडं कापा, टेबल शिलाईपाशी न्या, लगेच शिवा."

मास्तर उसळले. "टेबल आहे का हातगाडी?"

"बाबा, इस्पितळ गेलं तर काय, टेबल बघत बसायचं आपण?" लेक म्हणाली.

मास्तर रुसून घरी बसले. बोल्ट निघाले तेव्हा मलाही फार वाईट वाटलं.

गंमत पुढेच. मी शिलाईपाशी गेलो, तरी सगळ्याजणी माझ्या रिकाम्या जागेला वळसा घालूनच चालत! हवेला कोपर लागू नये म्हणून अंग चोरत. लेकीने मुद्दाम त्या जागेतून येरझाऱ्या घातल्या, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. इस्पितळाने ऐनवेळी हिरव्याचे निळे मागितले, आणि तेही वेळेवर गेले. गिऱ्हाईक टिकलं.

मग एके सकाळी मास्तर आले. सवयीने थेट मधोमध गेले, कोपर टेकायला वाकले आणि त्यांचा तोलच गेला. लेकीने सावरलं. कुणी हसलं नाही.

"कुठंय गं माझं टेबल?" त्यांनी इकडेतिकडे बघत विचारलं.

"तुम्ही बसा, बाबा. मी आणते ना."

तिने मला ढकलत त्यांच्या खुर्चीपाशी नेलं. मास्तरांनी कातरीने झिजलेल्या माझ्या कडेवरून हात फिरवला.

"हलतंय का?"

"ब्रेक लावलाय."

त्यांनी सगळा भार टाकून बघितला. मी जीव खाऊन उभा राहिलो. मग तीच जुनी थाप बसली. किती दिवसांनी!

आता त्यांचे गुडघे दुखतात. ते खिडकीपाशी बसून बेततात आणि रोज सकाळी मीच त्यांच्याकडे जातो. इतकी वर्षं ते येत होते. एवढंच मागणं आहे, माझ्या चाकांना अधूनमधून तेल घालत जा. मास्तरांकडे जाताना कुरकुर केलेली बरी दिसत नाही.