गिअरचा गोळा आणि रस्त्यावरचा हात

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गोळा आहे. जीपच्या गिअरच्या दांड्याच्या टोकाला, ड्रायव्हरच्या मुठीत जो असतो, तो मी. दिसायला मोठ्या लिंबाएवढा, पण हातात घेतलात तर वजन कळेल. माझ्यामुळे आजवर दोन माणसांची हाडं मोडली. एक माझ्या मालकाचा वैरी होता. दुसरा माझा मालकच होता. ही गोष्ट मी लपवणार नाही. ती लपवली तर बाकीचं सांगण्यात अर्थ उरत नाही.

माझा जन्म खोपोलीचा. एका मोठ्या बेअरिंगमधून निखळून मी भंगारात पडलो होतो. लोधिवलीचे कोंडाजी तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. त्यांच्या मुलीचं, हर्षलाचं, लग्न कशेळ्याजवळच्या नवनाथशी झालं होतं. नवनाथची स्वतःची जीप होती. तिच्या गिअरची प्लास्टिकची मूठ फुटली होती आणि त्या फुटक्या कडेने त्याचा तळहात रोज कापायचा. हर्षला माहेरी आली तेव्हा बापाला म्हणाली, "आबा, यांना कायतरी असं करून द्या का ते फुटायचंच नाय."

"मंग लोखंडच लागंल गं. पर जड होईल."

"होऊ द्या. त्यांचा हातबी जडच हाय."

कोंडाजींनी मला भट्टीत लाल केलं आणि मऊ पडावा म्हणून राखेत पुरलं. दुसऱ्या दिवशी यंत्रात आवळून माझ्या पोटात ड्रिल घातलं. मग त्या भोकात आटे पाडले, म्हणजे मला दांड्यावर फिरवून बसवता येईल. मी किंचाळलो ते सगळ्या शेडने ऐकलं. कोणी वळून पाहिलं नाही. तिथे लोखंड रोजच किंचाळायचं.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. कशेळे ते कर्जत, कर्जत ते कशेळे. दिवसातून हजार वेळा नवनाथचा डावा तळहात माझ्यावर आदळायचा. मागे दहा माणसं, पुढे चार, टपावर भाताची पोती, कोंबड्यांच्या पाट्या. नवनाथचा एक नेम होता. रस्त्याच्या कडेला वर झालेला हात दिसला, की त्याचा पाय ब्रेकवर जायचा. जीप कितीही भरलेली असो.

"अरं, आता कुठं बसवतोस? माझ्या डोक्यावर?" मागून कोणीतरी ओरडायचं.

"तुझं डोकं रिकामंच हाय, बसंल एक जण," नवनाथ म्हणायचा. "वाडीवरचा माणूस हाय. मागून दुसरी गाडी कवा येईल, सांगितलंय का कोणी?"

पंधरा वर्षं असं चाललं. शेवटी शेवटी तर तो विचार करून थांबत नव्हता. हात दिसला की पाय आपोआप जायचा. लोक त्याला चांगलं म्हणायचे. त्याचा राग मात्र वाईट होता, हेही त्यांना ठाऊक होतं.

कशेळ्याच्या नाक्यावर जिपांचे नंबर लागतात. पहिली भरली की दुसरी. एका बाजाराच्या दिवशी शुक्रा नावाच्या ड्रायव्हरने नवनाथच्या नंबरावर स्वतःची माणसं भरली.

"शुक्रा, नंबर माझा हाय."

"तुझा नंबर? तू तर रस्त्यावरून गोळा करतोस की माणसं, भिकाऱ्यासारखी. तुला नाका कशाला लागतो रं?"

नवनाथने त्याची कॉलर धरली. शुक्राने पाना उचलून नवनाथच्या जीपच्या पुढच्या काचेवर मारला. काच आत कोसळली. पुढच्या सीटवर बसलेल्या एका बाईचं कपाळ फाटलं. रक्त तिच्या डोळ्यांत उतरलं आणि ती आंधळ्यासारखी हात फिरवू लागली. नवनाथने मला धरलं. तीन फिरक्यांत मी दांड्यावरून सुटलो. मग त्याच्या मुठीत मी वर गेलो आणि शुक्राच्या उजव्या खांद्यावर उतरलो. आत हाड मोडलं. वाळलेली काटकी गुडघ्यावर मोडावी, तसा आवाज आला. शुक्रा खाली बसला. नवनाथने मला पुन्हा वर उचललं, डोक्याच्या नेमाने. तेवढ्यात चार जणांनी त्याला आडवा पाडला, नाहीतर मी आज खुनातला मुद्देमाल म्हणून कुठल्या तरी कपाटात पडून असतो.

नवनाथला नाक्यावरून काढलं. हर्षला मात्र दीड महिना शुक्राच्या घरी रोज भाकरी घेऊन गेली. पहिल्या दिवशी त्याने ताट लाथेने उडवलं. तिने भाकरी उचलली, झटकली आणि पुन्हा समोर ठेवली.

"खावा. भाकरीनं तुमाला नाय मारलं."

शेवटी शुक्राने पोलिसांतली तक्रार मागे घेतली. "वैनीसाठी सोडतो," तो म्हणाला. "पर याचं तोंड नाक्यावर दिसता कामा नये."

हर्षलाने मला राखेने घासलं. आट्यांत रक्त वाळलं होतं, ते तिने सुईने काढलं. मग नवनाथला म्हणाली, "ऐका. ह्यो गाडीवर बसायला केलाय. परत तुमच्या हातात दिसला, तर मी आबांकडं जाईन आन परत यायची नाय."

नाका सुटला, जीप विकली. कळंबच्या एका ओळखीच्या माणसाने नवनाथला आखातात नेलं. तिथे पाण्याचे टँकर चालवायला माणसं हवी होती. निघताना हर्षलाने मला त्याच्या कपड्यांत गुंडाळून दिलं.

"तिकडं लायसन निघालं, गाडी मिळाली, का याला तिच्यावर बसवा आन मला फोटू पाठवा."

"एवढंच?"

"एवढं तरी करा."

मित्रांनो, नवनाथला वाटलं होतं, पंधरा वर्षं गाडी हाकली, लायसन काय, महिन्यात निघेल. तिथल्या लायसनच्या कचेरीत खिडकीमागच्या माणसाने त्याचं इथलं लायसन दोन बोटांनी उचललं, उलटून पाहिलं आणि परत सरकवलं. इथून पुढे तो शिकाऊ. पहिल्यापासून. तोवर टँकरवर मदतनीस म्हणून पाइप ओढायचे.

तिथे रस्त्याची बाजू उलटी. ड्रायव्हर डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताला. नवनाथचा डावा हात गिअर शोधायला जायचा आणि दारावर आपटायचा. सालं निघाली, खपल्या धरल्या, पुन्हा निघाली. शिकवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. त्याच्याकडे एक लोखंडी पट्टी होती. चुकलं की ती बोटांवर बसायची.

"ये तेरे गाँव का जीप नहीं है!" फाट. "आईना देख!" फाट. "इंडिया में क्या भैंस चलाता था?"

मी नवनाथच्या उजव्या खिशात असायचो. मला दिसायचं काही नाही, पण त्याची मांडी मला कळायची. ब्रेकचा पाय तोच. पट्टी बसली की मांडी दगडासारखी व्हायची आणि त्याचा हात खिशात येऊन माझ्यावर आवळायचा. मला भीती वाटायची.

पहिल्या परीक्षेत लोखंडी पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची होती. एक पिंप हललं. नापास. पुढची तारीख दोन महिन्यांनी. दुसऱ्या वेळी पिंपं जमली, चढाव जमला, पण वळणावर त्याने सवयीने हॉर्न दिला. परीक्षक साहेब कधी बोलायचे नाहीत. ते फक्त बोटाने दाराकडे दाखवायचे. उतर. तिसऱ्या वेळी कशासाठी उतरवलं, ते कोणी सांगितलंच नाही.

चौथ्या वेळी सगळं नीट चाललं होतं. शेवटचं वळण आलं. तिथे एक माणूस टॅक्सीसाठी हात वर करून उभा होता. नवनाथचा पाय ब्रेकवर गेला. गाडी कडेला लागली. त्याने मान वळवून विचारलंसुद्धा, "कुठं जायचं?"

साहेबांनी बोट दाखवलं.

उस्ताद पोट धरून हसला. "टेस्ट में पैसेंजर भर रहा था! अरे, साहब को छत पर बिठाता!" रांगेतली सगळी माणसं हसली. साहेब पाठमोरे उभे राहून कागदावर लिहीत होते. टोपी काखेत होती. त्यांची मान उघडी होती. नवनाथचा हात खिशात आला आणि मी बाहेर निघालो. मी कमरेपर्यंत वर आलो, छातीपर्यंत वर आलो. त्या मानेवरचा घाम मला दिसत होता.

तिथून नवनाथ वळला. तो पिंपांकडे धावला आणि एका पिंपावर मला आपटू लागला. पाच, सहा, दहा वेळा. पत्रा आत गेला. त्याच्या तळहाताची कातडी फाटून माझ्यावर चिकटली. तिघांनी त्याला ओढलं, पोटात गुडघे घातले. शिक्षा म्हणून ते पिंप त्याच्याकडूनच ठोकून सरळ करून घेतलं आणि तीन महिने परीक्षेला यायला बंदी केली.

त्या संध्याकाळी त्याने हर्षलाला फोनवर सगळं सांगितलं. आधी तिचं दाबलेलं हसूच ऐकू आलं.

"भाडं किती सांगितलंत हो त्याला?"

"हसू नको गं."

"मंग रडू? पिंपालाच मारलंत ना?"

"पिंपालाच."

"माणसाला नाय?"

"नाय."

"मंग झालं तर. अवं, पर तिकडं हात दिसला तर थांबू नका. एवढ्यापुरतं विसरा. इकडं आलात की परत थांबा."

तीन महिने नवनाथ ते विसरायला शिकला. टँकरवर बसल्या बसल्या रस्त्यावरचे हात बघायचा आणि पाय दाबून धरायचा. पाचव्या परीक्षेला त्याच वळणावर एक म्हातारा उभा होता. त्याचा हात वर होता. माझ्या अंगाखालची मांडी उचलली गेली आणि जागेवरच थांबली. गाडी म्हाताऱ्यासमोरून सरळ निघून गेली.

नवनाथ पास झाला. साहेबांनी पहिल्यांदाच मान हलवली. संध्याकाळी सगळे त्याला चहा पाजा म्हणत होते, तेव्हा तो पायी त्या वळणावर जाऊन आला. तिथे कोणी नव्हतं.

त्याला टँकर मिळाला. माझे आटे त्या दांड्याला जुळत नव्हते, म्हणून त्याने चिंधी गुंडाळून मला बसवलं आणि फोटो पाठवला. हर्षलाचा आवाज फोनवर आला, "तिरका बसलाय. नीट बसवा."

गावाकडे भातकापणीचे दिवस होते. रविवार होता. दुपारी कोंडाजींचा फोन आला.

"नवनाथ, हर्षला गेली रं."

शेतात तिला घोणस चावली होती. एकटीच होती. पाय ओढत ती रस्त्यापर्यंत आली आणि हात वर करून उभी राहिली.

"गाड्या चालल्या व्हत्या," कोंडाजी म्हणाले. "रिसॉर्टवरनं परतणाऱ्या. काच वर करून गेल्या. कोणी थांबलं नाय. मंग एक जीप थांबली. पर लय उशीर झाला व्हता."

"कोणाची जीप?"

"शुक्राची."

नवनाथने फोन खाली ठेवला. त्याने मला दांड्यावरून उपटलं. टँकरच्या पायरीवर बसून त्याने उजव्या पायातला बूट काढला. तोच पाय, जो त्या वळणावर हलला नव्हता. मग त्याने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. मित्रांनो, मला कोणाच्या तरी उपयोगी पडायला बनवलं होतं. मी खाली आलो. दोन बोटं चिरडली आणि वरचं हाड मोडलं. त्याने मला पुन्हा उचललं, तेव्हा दुसऱ्या टँकरवाल्यांनी त्याच्या हातातून मला हिसकावलं.

ज्या लायसनसाठी दीड वर्ष गेलं, ते प्लास्टर बांधलेल्या पायाच्या काय कामाचं! तो मला घेऊन घरी आला तेव्हा बारावाही होऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो लंगडत कशेळ्याच्या नाक्यावर गेला. बाकीचे ड्रायव्हर बाजूला झाले. शुक्रा बोनेटला टेकून उभा होता. नवनाथने मला त्याच्या हातात ठेवलं आणि मान खाली घातली.

"मार."

शुक्राने मला तळहातावर तोललं.

"मारायला हात वर जायला पाहिजे ना," शुक्रा म्हणाला. "माझा खांद्याच्या वर जात नाय. तुझीच कृपा."

नवनाथ खाली बसला आणि पहिल्यांदा रडला. शुक्राने त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "जीपमदी वैनी दोनच गोष्टी बोलल्या. एक, माझा खांदा अजून दुखतो का. आन दुसरी, तिकडं तो गोळा तिरका बसलाय, त्यांना नीट बसवायला सांगा."

एवढं बोलून तो स्वतःच्या जीपमध्ये चढला. त्याने त्याच्या गिअरची प्लास्टिकची मूठ काढून फेकली आणि मला दांड्यावर ठेवून फिरवलं. एक फिरकी, दोन, तीन. आटे जुळले. मी सरळ बसलो.

आज मी तिथेच आहे. नवनाथ शुक्राच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसतो. पाय नीट झाला नाही, त्यामुळे त्याला गाडी चालवता येत नाही. पण रस्त्याची डावी कड त्याला आधी दिसते. "थांब, हात हाय," तो म्हणतो आणि शुक्राचा पाय ब्रेकवर जातो.

मित्रांनो, मला रोज पुसा असं मी म्हणत नाही. गंज चढला तर चढू दे. पण ज्या वस्तूची जागा गाडीवर आहे, ती मुठीत घेऊन कोणावर उगारू नका, स्वतःवरसुद्धा नाही. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही गाडी चालवाल. रस्त्याच्या कडेला वर झालेला हात दिसेल. तेव्हा थांबा. परीक्षेत नापास झालात तरी थांबा. परीक्षेची तारीख पुन्हा मिळते.