फॉर्मात मिश्री नव्हती

“बस, इथं एक सही करा, मासी,” म्हणत विमा कंपनीच्या वकील श्रद्धाबेनने कागद पुढे सरकवला. ती बडोद्याच्या वाडी भागात मराठी शेजारात वाढलेली, त्यामुळे मराठी अस्खलित, पण गुजराती मिसळलेलं. “वीस दिवसांत तुमचे पैसे आवी जशे.”

अहल्याबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मकरपुऱ्याच्या बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी तपासणीच्या टेबलाशी उभं राहून माल पास केला होता. महिनाअखेरीला साहेब कितीही घाईला आला तरी तपासल्याशिवाय त्यांची सही पडली नव्हती. त्या उभं राहण्यानेच दोन्ही गुडघे खाल्ले. उजवा दोन वर्षांपूर्वी पदरच्या पैशांनी बदलून झाला. डावा आता या पैशांची वाट पाहत होता.

कागद गुजरातीत होता. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ‘तंबाखूचं व्यसन मी अजाणतेपणी लपवलं.’

“हे कोणी लिहिलं?”

“ए तो फॉर्मॅलिटी छे, मासी.”

“लपवलं? मी?”

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतल्या अहल्याबाई नव्हत्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या कोवळ्या डॉक्टरने दात कशाने घासता म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं होतं, मिश्रीने. आई लावायची, आजी लावायची, त्याही लावतात. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच, म्हणून डॉक्टरने कागदावर लिहिलं, तंबाखू. कंपनीने तेवढं बरोबर हेरलं. तंबाखूवाल्यांना हप्ता जास्त असतो, तुमच्या फॉर्मवर ‘नाही’ आहे, तुम्ही फसवलंत, सबब पैसे नामंजूर आणि पॉलिसीही रद्द!

तो फॉर्म एजंट धवलने त्यांच्याच झोपाळ्यावर बसून, चहा पीत मोबाईलवर भरला होता. सगळ्या प्रश्नांपुढे त्याने स्वतःच ‘नाही’ची रांग लावली होती.

“गुडघ्याला का मिश्री लावते मी?” असं म्हणतच त्या ग्राहक मंडळात शिरल्या होत्या. तिथले जयवंतराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, पोट धरून हसले होते आणि त्यांनीच हे प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत आणलं होतं. आज तेच जयवंतराव कानाशी कुजबुजत होते.

“अहल्याबाई, जवा द्या हो, सोडून द्या. दगडापेक्षा वीट मऊ. नाहीतर आणखी दोन वर्षं जातील. पायाकडे बघा जरा.”

“पायाकडेच बघतेय. एकतीस वर्षं त्याच्यावर उभी राहिले, ती काय आता खोटी म्हणवून घ्यायला?”

आयोगातर्फे समेटाला बसलेले मध्यस्थ साहेब सज्जन होते. त्यांनी गुजरातीत सुचवलं, की एजंटने विचारलंच नाही एवढं बेननी लिहून द्यावं, मग ती ओळ काढायला मी कंपनीला सांगेन. जयवंतरावांचा चेहरा उजळला. साहेबांनी सहज पुढे विचारलं, “आणि विचारलं असतं तर?”

हातातोंडाशी आलेला घास होता. अहल्याबाईंनी क्षणभर विचार केला. धवल समोर बसलाय, विचारतोय, मावशी, तंबाखू खाता का?

“नाही म्हणाले असते,” त्या म्हणाल्या.

जयवंतरावांनी कपाळाला हात लावला. श्रद्धाबेन ताठ बसली. “जुओ साहेब! म्हणजे खोटंच ना?”

“खोटं कसं, बाई? तंबाखू म्हटलं की आम्हाला तळहातावर मळणारे पुरुष दिसतात. मिश्री आमचं मंजन. तुम्ही मिश्री लावता का विचारा, गुजराती बायकांना बजर घासता का विचारा, मग बघा गोरव्यापासून मकरपुऱ्यापर्यंत किती बायका हो म्हणतात! जास्तीचा हप्ता लावा, मी आजपासून भरते. पण आधी आमच्या शब्दात विचारा. फॉर्मात छापा. न विचारता लपवलं म्हणायचं नाही.”

बोलताना त्यांचा आवाज चढला होता आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं हललं होतं. त्यांनी कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलं, ‘फॉर्मात मिश्री छापा, मग समेट’, आणि खाली पूर्ण नावानिशी सही ठोकली.

श्रद्धाबेनने कंपनीला बाहेर जाऊन फोन लावला. परत आली ती मान हलवतच. समेट फिसकटला, असं साहेबांनी नोंदवलं आणि पुढची तारीख दिली.

लिफ्ट बंद होती. जयवंतराव रिक्षा बघायला पुढे गेले. “तुमच्यापुढे हात टेकले,” एवढंच म्हणाले, पण फाईल त्यांनी काखेत घट्ट धरली होती. अहल्याबाई पहिल्या पायरीशी थांबल्या, तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला.

“मासी,” श्रद्धाबेन दबक्या आवाजात म्हणाली, “माझी बा पण बजर घासते. रोज सवारे. तिचा फॉर्म मीच भरलाय.”

“काय लिहिलंस?”

“‘नाही’,” ती म्हणाली.

“आजच बदलून घे,” अहल्याबाई म्हणाल्या. “म्हातारीला असं कुणापुढे बसावं लागू नये.”

श्रद्धाबेनने आधाराला हात पुढे केला. अहल्याबाईंनी तो धरला नाही. कठडा पकडून त्यांनी दुखरा पाय आधी खाली टाकला, मग दुसरा. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची होती.