उंबराखालची तपकिरी

"मेलं का जी?" सुकरामने खाटेवरून विचारलं.

"नाही बाबा, झोपवलं," रचना म्हणाली आणि चिमटीत छाती दाबलेलं फुलपाखरू तिने कागदी पाकिटात सरकवलं. खोटं बोलायची काही गरज नव्हती. पण म्हाताऱ्याशी कोण डोकं लावणार?

रचना रामटेके गोंदियाच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, कुडव्यात राहायची आणि पीएचडी होईल या आशेवर जगायची. पीएचडीसाठी फुलपाखरं गोळा करायची होती. इतर ठिकाणी जाळं घेऊन नाल्यानाल्याने धावावं लागे. केशोरीपलीकडच्या या टोलीवर, दहा-बारा घरांच्या वस्तीत, सुकरामच्या घरामागे उंबर होतं. खाली सडलेल्या फळांचा रस चोखत तपकिरी फुलपाखरं बसत, इतकी सुस्त की हातानेच वेचावीत. म्हणून ती पुन्हा पुन्हा इथेच येई. कंटाळा हेच खरं कारण. जातही मामुली, कुठल्याही बांधावर दिसणारी.

डीएनएवरून जात ओळखायला, म्हणजे बारकोडिंगला, खरं तर एक पाय पुरतो. पाय घ्यावा, फुलपाखरू सोडून द्यावं. पण तिचे मार्गदर्शक डॉ. इंद्रकुमार बिसेन यांनी बजावलं होतं, "नमुना अख्खा पाहिजे मॅडम. दया कायले करता? इनकी क्या कमी है?"

"पार्वता होती तवा हाकलत जाय ह्यायले," सुकराम बायकोची आठवण काढी. "ती गेली. आता हेच पाखरं सकाळी हातावर येऊन बसतेत. कोनी त बसते." मग तो पाकिटांकडे बघे. "नेऊन राहिल्या त नीट ठेवजा, बाई."

"एकदम नीट ठेवते."

ठेवलीही नीट. पंख पसरून, टाचणी टोचून, डांबराच्या गोळ्या घालून.

उन्हाळ्यात डीएनएचा निकाल आला. बाकी गावांची फुलपाखरं एका जातीची आणि उंबराखालची सगळीच्या सगळी वेगळ्या जातीची! दिसायला हुबेहूब, पण डीएनए भलताच. अशी जात कुठल्याच नोंदीत नव्हती. रचना प्रयोगशाळेतच नाचली. बिसेन सरांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. आता जिवंत फुलपाखराचा फोटो तेवढा हवा होता.

पावसाळा संपल्यावर ती कॅमेरा घेऊन टोलीवर गेली. उंबरं सडून पडली होती, त्यांवर नुसत्या माश्या घोंघावत होत्या. ती परत गेली, पुन्हा गेली. आळस विसरून अर्जुनीपर्यंतचे नाले पालथे घातले. जी तपकिरी फुलपाखरं सापडली त्यांच्या एकेका पायाचा डीएनए तपासला, तर सगळी ती मामुली जात. उंबराखालची होती नव्हती ती सगळी कॉलेजच्या कपाटात होती, आणि ती तिने स्वतःच्या चिमटीने मारली होती.

"नाहीच सापडत?" बिसेन सर खूश झाले. "अरे, फिर तो पेपर और बढ़िया होगा! सापडली आणि संपलीसुद्धा. कोण छापणार नाही? आणि नावाचं टेन्शन घेऊ नका. जातीला तुमचंच नाव देऊ."

"सर, माझं नको. प्लीज."

"लाजता काऊन? एकेक तुम्हीच तर पकडली."

शेवटचं एकदा बघावं म्हणून ती टोलीवर गेली. सुकराम तसाच खाटेवर होता, वर्षभरात बराच वाळलेला.

"बाई, औंदा एकबी नाई आलं जी," तो म्हणाला. "मी रोज बसून राहिलो. माशाच येतेत नुसत्या."

रचनाला सांगून टाकायचं होतं.

"तुमच्या कालेजात त लय असतीन," तो जरा पुढे सरकला. त्याच्या आवाजात मागताना येते तशी लाचारी आली. "झोपवले होते ना तुमी? दोनच उठवून आना. जास्त नाई मांगत."

"आणते, बाबा," रचना म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने सदऱ्याला हात पुसला आणि तळवा वर करून गुडघ्यावर ठेवला.