केंदुपालीची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. आज माझ्यावर ज्या गावाचं नाव आहे, ते माझं गाव नाही. माझं गाव केंदुपाली, ओडिशाच्या पश्चिमेकडचं. हमरस्त्यापासून दोन कोस आत, मध्ये ओढा.

पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून ओढा ओलांडावा लागे. गावची सुईण गुरुबारी हे सगळं पाहत आली होती. पाचशे माणसं असतील तर पक्का रस्ता आणि बस मिळते, असं तिच्या कानावर आलं. तिनं त्रिलोचन पेंटरला गाठलं.

"गावाची माणसं मोजायची. मी सांगते, तू लिही."

"वीटभट्टीवर गेलेले पण धरायचे?"

"का नाही? जून लागला की घरीच येतात ना? निम्म्यांची नाळ मीच कापलीय."

चार दिवस दोघं दारोदार फिरले. दुपारी कुठल्याही ओसरीवर बसून पखाळभात, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, खात. मग एका जुन्या पिंपाचा पत्रा ठोकून त्रिलोचननं मला घडवलं. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं काढली: केंदुपाली, लोकसंख्या ५०७. मला हमरस्त्याच्या वळणावर उभं केलं. येणारेजाणारे थांबून वाचत. मला फार अभिमान वाटे.

एके दिवशी सरपंच तारिणी प्रधान आले. ते शेजारच्या भीमडुंगरीचे, पण दोन्ही गावांचा कारभार त्यांच्याकडेच. म्हणाले, "मावशी, ती यादी आणि पाटी द्या. साहेबाला दाखवतो, मग कुणाची शंका राहणार नाही."

गुरुबारीनं पदराला हात पुसून यादी दिली. मला तर तिनं स्वतः पुसून जीपमध्ये ठेवलं.

सहा महिने मी प्रधानांच्या गोठ्यात पडून होते. मग त्रिलोचन आला. मला वाटलं, न्यायलाच आला. त्यानं मला भिंतीला टेकवलं, डबा उघडला आणि माझ्यावर निळा रंग फासला. हात तोच होता. त्यानं लिहिलं: भीमडुंगरी, लोकसंख्या ५३६.

भीमडुंगरीत माणसं होती तीनशे बावन्न. आमचे भट्टीवर गेलेले एकशे चौऱ्याऐंशी लोक प्रधानांनी आपल्या गावात चढवले होते. केंदुपालीचे उरले तीनशे तेवीस. रस्ता भीमडुंगरीला गेला. बसही तिकडेच वळली, आणि नव्या थांब्यावरचं चहाचं दुकान त्रिलोचनला मिळालं. माझा खांबही त्या दुकानाशेजारीच रोवला.

गुरुबारी डोक्यावर टोपली घेऊन चालत आली, ती पावसाळ्यानंतर. तिनं माझ्या कडेवरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं तिला, पण ठोकलेला पत्रा ओळखला.

"त्रिलोचन, काय लिहिलंयस? वाच."

त्यानं खाली मान घालून वाचलं.

"यात मी आहे का?"

"तू नाहीस मावशी. तुझा मुलगा आहे, सून आहे."

"सून गेली. श्रावणात. ओढ्याला पाणी होतं, खाट पलीकडे नेता आली नाही." तिनं टोपली खाली ठेवली. "तूच मोजलंस ना रे तिला?"

"मी नुसती अक्षरं काढतो, मावशी."

"चहा नको," ती म्हणाली. त्यानं पुढे केलेला पेला तसाच राहिला. बस आली. कंडक्टरनं हाक मारली, तरी ती चढली नाही. टोपली उचलून आली तशी चालत गेली.

मित्रांनो, मला पुसून कुणी खरं लिहील, अशी आशा मी आता करत नाही. मी पत्रा आहे, माझ्यावर लिहिलं ते मला मिरवावंच लागतं. तुम्ही मात्र असा आकडा वाचलात, तर गावात जाऊन एखादं दार ठोठावा. आत कोण राहतं, कोण बाहेर गेलंय, आणि कोण आता येणारच नाही, हे विचारा. आपणही मोजले गेलो, अशा विश्वासानं केंदुपालीची माणसं एकेकाळी माझ्याकडे पाहत होती.